अव्वल तालुकदार ते जिल्हा परिषद : धाराशिवचा कारभार कोणाच्या हाती?

१/
धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याला फेरफाराच्या तक्रारीसाठी महसूल खात्याकडे, म्हणजे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. गावच्या शाळेला शिक्षक हवा असेल, तर मात्र जिल्हा परिषद गाठावी लागते. एकाच जिल्ह्यात कारभाराच्या या दोन वेगळ्या वाटा का? या प्रश्नाचे उत्तर निजामी राजवटीपासून शोधावे लागते. #धागा

२/
आरंभ नळदुर्गपासून. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक तो हाच. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला.

३/
हैदराबाद संस्थानात तोवर महसूलवसुली बहुतांशी मक्त्याने चाले. जो अधिक रकमेची हमी देई, त्याच्या हाती मुलूख जाई आणि रयतेकडून किती उकळायचे, हेही तोच ठरवी. दिवाण पहिले सालारजंग यांनी ही पद्धत मोडीत काढली. १८६५ मध्ये त्यांनी ‘जिल्हाबंदी’ केली. संस्थानाचे जिल्हे पाडले गेले आणि प्रत्येक जिल्ह्यावर पगारी अधिकारी नेमला गेला. नळदुर्ग हा अशाच जिल्ह्यांपैकी एक.

४/
जिल्ह्याचा प्रमुख म्हणजे अव्वल तालुकदार. नावात तालुका असला, तरी त्याचा अधिकार आजच्या जिल्हाधिकाऱ्याच्या तोडीचा होता. त्याच्या हाताखाली दोम आणि सोम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार आणि गावात वतनदार पाटील व पटवारी. वर विभागाचा सुभेदार. हा मराठीभाषक जिल्हा औरंगाबाद सुभ्यात नव्हे, तर गुलबर्गा सुभ्यात मोडत असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुख्यालय नळदुर्गहून धाराशिवला आले आणि जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले.

५/
या उतरंडीत रयतेचे स्थान कोठे? रयत मराठी बोले. वरिष्ठ दफ्तराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. त्यामुळे हुकूम काय आहे, हे समजण्यासाठीही रयतेला मध्यस्थाची गरज पडे. पटवाऱ्याच्या हातात गावाची सत्ता एकवटली, त्यामागे वतनाइतकेच हेही कारण होते.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानात स्थानिक मंडळे, म्हणजे लोकल बोर्डे, आली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसला. रस्ते, शाळा आणि दवाखाने यांचा खर्च त्यातून व्हावा, अशी योजना होती. तथापि जिल्हा मंडळाचा अध्यक्ष अव्वल तालुकदारच असे आणि तालुका मंडळाचा तहसीलदार. उपकर वसूल करणारा आणि तो खर्च करण्याचा निर्णय घेणारा अधिकारी एकच! मंडळावर बिगरसरकारी सभासद असत, परंतु ते रयतेने निवडून दिलेले नसत. पैसा स्थानिक होता. त्यावरचा अधिकार नव्हता.

७/
दुसरी अडचण जमिनीच्या मालकीची. जिल्ह्याचा मोठा भाग सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीचा होता. त्याखेरीज पायगा आणि जहागिरी होत्या. एकाच जिल्ह्यात शेजारच्या दोन गावांचे धनी वेगवेगळे असत. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामी सत्ता संपली. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फ-ए-खास सरकारी मुलखात विलीन झाले, ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि सगळी गावे एका शासनाखाली आली.

८/
१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढच्याच वर्षी बलवंतराय मेहता समितीने देशासाठी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवले. समितीचा भर तालुका पातळीवरील पंचायत समितीवर होता. जिल्हा परिषदेची भूमिका मुख्यतः सल्ला आणि देखरेखीची. आणि तिचे अध्यक्षपद? ते समितीने जिल्हाधिकाऱ्याकडे सुचवले होते. म्हणजे या एका मुद्द्यापुरते अव्वल तालुकदाराचे आसन नव्या व्यवस्थेतही कायम राहणार होते.

९/
महाराष्ट्राने येथे वेगळी वाट धरली. राज्यस्थापनेनंतर जून १९६० मध्ये तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिने अहवाल दिला. खरी सत्ता जिल्हा परिषदेकडे असावी, अध्यक्ष निवडून आलेला असावा आणि जिल्हाधिकारी परिषदेबाहेर असावा, असा तिचा आग्रह होता. त्यानुसार १९६१ चा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. धाग्याच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या निर्णयात आहे.

१०/
वाटणी अशी झाली : महसूल, भूमी अभिलेख, दंडाधिकार आणि आपत्तीतील मदत जिल्हाधिकाऱ्याकडे. प्राथमिक शिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा, लघुसिंचन व पशुवैद्यकीय दवाखाने परिषदेकडे. परिषदेत अध्यक्ष आणि विषय समित्यांचे सभापती लोकनियुक्त, तर मुख्य कार्यकारी अधिकारी शासननियुक्त. ठराव सभागृहाने करायचा आणि अंमल अधिकाऱ्याने. तालुक्याला सभापती व गटविकास अधिकारी, गावात सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचा ग्रामसेवक) अशी हीच जोडी खालपर्यंत उतरते. खासदार-आमदारांना परिषदेचे सदस्यत्व नाही. गावचे वतनदार पाटीलपदही १९६० च्या दशकात कायद्याने संपले.

११/
शहरांचा कायदा निराळा, १९६५ चा. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परांडा येथे नगर परिषदा आहेत. वाशी व लोहारा येथे नगर पंचायती. येथे जोडी नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांची. नगराध्यक्ष कोणी निवडावा, यावर मात्र राज्याचे मत स्थिर नाही : २०१६ मध्ये थेट जनतेने, २०२० मध्ये नगरसेवकांनी, २०२२ मध्ये पुन्हा जनतेने.

१२/
शहर आणि महसुली जिल्हा या कायद्याच्या दृष्टीने किती वेगळ्या गोष्टी आहेत, हे नामांतराच्या वेळी दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव झाले. जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव या महसुली घटकांच्या नावांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र अधिसूचना काढावी लागली. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला, तेव्हाही आधी महसुली सीमा बदलल्या आणि मग परिषद विभागली गेली.

१३/
एप्रिल १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. राज्य निवडणूक आयोग, राखीव जागा आणि पाच वर्षांची मुदत यांना घटनेचे संरक्षण मिळाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक ठरले. १९६२ ची व्यवस्था राज्याच्या कायद्यावर उभी होती. आता तिला घटनेचा आधार लाभला.

१४/
तरीही मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांबरोबर धाराशिवची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. ठराव करणारे आणि अंमल करणारे पद पुन्हा एक झाले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुकांचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. नगर परिषदांसाठी मतदान झाले ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये.

१५/
प्रशासक वाईटच कारभार करतो, असे नव्हे. अव्वल तालुकदारांतही कर्तबगार माणसे होऊन गेली. प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. शाळेचे छत गळत असेल, तर गटातील सदस्याला लोक गाठू शकतात आणि पाच वर्षांनी पाडूही शकतात. प्रशासकाची बदली लोकांच्या हाती नसते. १९६२ मध्ये जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले गेले, ते याच कारणासाठी. (समाप्त)