फ्लुओरीनचा माग

ज्या मूलद्रव्यानें आधीं शास्त्रज्ञांचे बळी घेतले, तेंच पुढें रोग्याच्या शरीराचें अंतरंग सांगूं लागलें, असें म्हटलें तर आपणांस नवल वाटेल. फ्लुओरीनची हकीकत अशीच आहे. एकोणिसाव्या शतकांत हा वायु त्याच्या संयुगांतून सोडविण्याच्या नादांत आयर्लंडमधील नॉक्स बंधु जायबंदी झाले. बेल्जममधील लुयेत व फ्रान्समधील निक्लेस यांना तर प्राणांस मुकावें लागलें. अखेर २६ जून १८८६ रोजीं पॅरिस येथें आंरी म्वासां यानें प्लॅटिनमच्या उपकरणांत, विजेच्या प्रवाहानें, तो मोकळा केला. १९०६ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें आणि पुढल्याच वर्षीं तो वारला.

दिसेल त्या पदार्थावर तुटून पडणारें हें द्रव्य कार्बनाशीं एकदां जडलें म्हणजे मात्र कमालीचें शांत होतें. दुसऱ्या महायुद्धांत युरेनियमच्या दाहक संयुगापुढें टिकाव धरणारे द्रव हवे होते, म्हणून अमेरिकेंत कार्बन-फ्लुओरीनचे द्रव मोठ्या खटपटीनें तयार करण्यांत आले. त्यांत ऑक्सिजन विपुल विरघळतो. १९६६ सालीं क्लार्क व गोलन यांनीं अशा द्रवांत उंदीर पूर्णपणें बुडविला आणि तो द्रवच श्वासावाटे घेत जगला! त्यावरून कृत्रिम रक्ताची आशा पल्लवित झाली. तशा एका औषधास १९८९ सालीं अमेरिकेंत परवानगीहि मिळाली. परंतु १९९४ सालीं तें बाजारांतून गेलें. रक्ताची उणीव भरून काढण्याचा तो बेत फसला, पण शरीरांत घालतां येणारा निरुपद्रवी फ्लुओरीनयुक्त द्रव वैद्यकाच्या हातीं राहिला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें तेंच महत्त्वाचें.

चुंबकाच्या प्रभावाखालीं अणुगर्भ ठराविक कंपनसंख्येच्या रेडिओलहरींनाच प्रतिसाद देतात, हें १९४६ च्या सुमारास ब्लॉक व पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. १९७३ सालीं लॉटरबर यानें त्याच प्रतिसादापासून चित्र काढण्याची युक्ति प्रसिद्ध केली. इस्पितळांत सर्वजण जिला एम.आर.आय. म्हणतात ती हीच. या चित्रांत बोलतो तो शरीरांतील पाण्याचा व चरबीचा हायड्रोजन. आपण रेडिओची खुंटी फिरवून हवें तें स्टेशन लावतां ना, तसेंच येथेंहि आहे. दीड टेस्लाच्या चुंबकांत हायड्रोजन सुमारें ६४ मेगाहर्ट्झवर बोलतो, तर फ्लुओरीन ६० वर. १९७७ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें हॉलंड, बॉटमली व हिनशॉ यांनीं ही दुसरी खुंटी लावून फ्लुओरीनचें चित्र मिळविलें.

यांत विशेष तें काय? हायड्रोजनची गर्दी शरीरांत सर्वत्र आहे. फ्लुओरीन मात्र दांतांत व हाडांत असतें, पण तें घनरूपांत जखडलेलें असल्यामुळें त्याचा आवाज क्षणार्धांत विरतो. म्हणजे चित्रांत जें उमटेल तें वैद्यानेंच आंत घातलेलें. पाटी कोरी, अक्षर एकट्याचें. निसर्गांतील सर्व फ्लुओरीन एकाच वजनाचें, आणि त्याची संवेदनक्षमता हायड्रोजनच्या ८३ टक्के. अडचण आहे ती प्रमाणाची. पाण्यांतील हायड्रोजनच्या मानानें घातलेलें फ्लुओरीन हजारों पटींनीं कमी असतें. म्हणून चित्रास वेळ लागतो व तें ढोबळ निघतें. त्यास हायड्रोजनच्या चित्रावर ठेवून वाचावें लागतें.

तरीहि रोग्याच्या दृष्टीनें याचें मोल केवढें, तें एका औषधावरून कळेल. १९५७ सालीं हायडेलबर्गर यानें कर्करोगावर काढलेलें फ्लुओरोयुरासिल आजहि दिलें जातें. तेंच औषध, तीच मात्रा. पण एकाची गांठ ओसरते, दुसऱ्याची तशीच राहते. वोल्फ, प्रेझंट व त्यांचे सहकारी यांनीं, चित्राच्या नव्हे पण त्याच तत्त्वावरील वर्णपटाच्या साह्यानें, जिवंत रोग्याच्या गांठींत तें औषध किती वेळ टिकतें हें मोजलें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, ज्यांच्या गांठींनीं औषध अधिक वेळ धरून ठेवलें, त्यांना गुण येण्याचें प्रमाण अधिक आढळलें. गुण न आलेल्याच्या घरच्यांना औषध गांठीपर्यंत पोंचलें होतें की नाहीं हा प्रश्न किती जाळतो, हें मीं आपणांस सांगावयास नको.

पेशींचा माग हा याहून नवा उपयोग. पिट्सबर्ग येथील आरेन्स व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं फ्लुओरीनच्या तेलाचे सूक्ष्म कण प्रतिकारक पेशींत घालून उंदरांत त्यांचा ठाव घेतला. २०१४ सालीं आंतड्याच्या कर्करोगाच्या रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. टोंचलेल्या जागेचा संकेत चोवीस तासांत सुमारें निम्म्यानें घटला. मात्र पेशी मेली व तिचे कण दुसऱ्या पेशीनें गिळले, तर संकेत तसाच राहतो. तेव्हां नुसत्या चित्रावर भिस्त ठेवतां येत नाहीं.

फुप्फुसांसाठीं तर रोग्यास परफ्लुओरोप्रोपेन वायु ऑक्सिजनबरोबर हुंगविला कीं वारा कोठें पोंचतो व कोठें अडतो तें दिसतें, आणि त्यांत किरणोत्सर्गाचें भय नाहीं. तथापि बहुतेक इस्पितळांतील यंत्रें केवळ हायड्रोजनचीच वाणी ऐकतात. फ्लुओरीनसाठीं निराळी वेटोळी, निराळी विद्युत्-योजना व शिकलेले हात लागतात. त्यामुळें हें चित्रण अजूनहि बव्हंशीं संशोधकांच्याच हातीं आहे.