धामापूरचा तलाव आणि मालवणचा मेढा

मालवणचें नांव निघालें कीं इतिहासभक्तांची दृष्टि समुद्राकडे वळते. शके १५८६ च्या मार्गशीर्ष वद्य २ स (ता. २५ नोव्हेंबर १६६४) कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि १६६७ त तें पुरें झालें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु ज्या वस्तीनें या दुर्गास नावाडी, सुतार, दाणागोटा पुरविला तिची कोणी फारशी विचारपूस केलेली नाहीं. मालवणचा जुना भाग, म्हणजे राजकोटाभोंवतालचा मेढा, हा एके काळीं किनाऱ्यापासून सुटा असलेला बेटवजा भूभाग होता. पुढें मधली खाडी रेतीनें भरत गेली, नवें शहर जमिनीकडे पसरलें आणि मूळ गांव नव्याचें एक उपनगर होऊन राहिला.

या वस्तीचें स्वरूप आरंभापासून मिश्र आहे. शिवकालीन आरमारांत मायनाक भंडारी आणि दौलतखान हीं नांवें शेजारीं शेजारीं येतात. १६६५ त बसरूरची मोहीम निघाली ती याच बंदरांतून. गाबीत व भंडारी हे मूळचे दर्यावर्दी. सारस्वत व वाणी हिशेबाच्या व व्यापाराच्या निमित्तानें आले. मुसलमान खलाशी होतेच. आणि गोव्याकडून आलेलीं ख्रिस्ती कुटुंबें किनाऱ्यालगत वसलीं. या सर्वांची बोली एकच, मालवणी. तींत पगार, चावी, काजू, घमेलें हे पोर्तुगीज शब्द हिंदूच्या तोंडींही तितक्याच सहजपणें येतात. किल्ल्यांत राजाराम महाराजांनीं १६९५ त उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मूर्तीच्या मस्तकीं नावाड्याच्या धाटणीची टोपी आहे. राजाची मूर्ति दर्यावर्दीच्या शिरोभूषणांत दिसावी, याहून या वस्तीची साक्ष ती कोणती?

राज्यें मात्र वरचेवर बदललीं. कोल्हापूरकरांकडून १७६५ त इंग्रजांनीं किल्ला घेतला व त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं तह करून तो परत केला. १८१२ च्या तहानें मालवण कायमचें त्यांच्याकडे गेलें. नांवें आलीं नि गेलीं. रापण मात्र पूर्वीप्रमाणेंच पडत राहिली. किनाऱ्यावरून ओढावयाच्या त्या लांबलचक जाळ्यास अनेक हात लागतात, व मासळीचे वांटे ठरलेल्या वहिवाटीनें पडतात. राजाज्ञेवांचून चालणारी ही व्यवस्था आहे.

आतां धामापूरकडे वळूं. कारण आज मालवण शहरास नळाचें पाणी येतें तें तेथूनच. मालवणहून चौक्यावरून कुडाळाकडे जातांना दोन डोंगरांच्या बेचक्यांत मातीचा बांध घालून केलेला हा तलाव लागतो. कांठीं भगवतीचें देऊळ आहे. देवीकडे परडी पाठवून मागितलें असतां लग्नकार्यास दागिने तळ्यांतून मिळत, पुढें कोणी ते परत न केल्यानें ती कृपा बंद झाली, असें लोक सांगतात. इ. स. २०२० त आंतरराष्ट्रीय सिंचन संस्थेनें या तलावास जागतिक वारशाचा मान दिला, व तेव्हांपासून एक वाक्य सर्वत्र छापलें जातें: विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनीं १५३० त तलाव बांधला.

या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांस जुळत नाहींत. महमूद गावानानें १४७२ त गोवा घेतला तेव्हांच दक्षिण कोंकणावरील विजयनगरची पकड सुटली. १५१० त पोर्तुगीजांनीं गोवा जिंकून घेतला तो विजयनगरकडून नव्हे, आदिलशहाकडून. मग त्यानंतर वीस वर्षांनीं गोव्याच्या उत्तरेस, कुडाळच्या परिसरांत, विजयनगरचा मांडलिक कसा असेल? साल खरें मानल्यास देसाई आदिलशाहीचा चाकर ठरतो. मांडलिकी खरी मानल्यास तलाव निदान अठ्ठावन्न वर्षांनीं मागें जातो. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंपरा नांव व धनी विसरत नाहीं, सालाचा आंकडा मात्र मागाहून चिकटतो, असा बखरींचा अनुभव आहे. अर्थात् हें अनुमान आहे, पुरावा नव्हे.

शिवाय मातीचा बांध एकदां घालून मोकळें होतां येत नाहीं. कोंकणच्या पावसांत दरसाल डागडुजी न झाली तर चार पिढ्याही तो टिकणार नाहीं. ज्या देसायाचें नांव चाललें आहे त्यानें बांधला असेल. राखला तो गांवानें. कोंकणांतील गांवरहाटींत गांवकर, गुरव, घाडी, परीट, महार अशा प्रत्येकाकडे देवळाच्या कार्याचा नेमलेला मान असतो, व गांवच्या कामाचा भार त्याच रचनेवर पडतो. मेढ्यांत रापणीनें जें केलें तें येथें देवीच्या रहाटीनें केलें, असें आम्हांस वाटतें.

आपल्या संग्राहकांचा ओढा सनदा, शिक्के व राजपत्रें यांकडे असतो, आणि प्रस्तुत लेखकही त्या दोषांतून सुटलेला नाहीं. पण वरील प्रश्न सुटेल तो मानापानाच्या तंट्याच्या एखाद्या महजरानें, पाण्याच्या पाळ्यांच्या निवाड्यानें, अगर बागायतीच्या जमाबंदीच्या कागदानें. मेढ्याकरितां तांडेलांच्या वह्या, सावकारांच्या खतावण्या व चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या पाहिजेत. हे कागद घरांच्या माळ्यांवर आहेत. दमट हवा व कसर त्यांस फार दिवस ठेवणार नाहींत. ज्यांच्या रुमालांत कुडाळ परगण्याचे महजर असतील त्यांनीं प्रथम साक्षीदारांचीं नांवें उतरून घ्यावीं. त्यांत नागेश नांवाचा देसाई आढळल्यास वर कोणत्या बादशहाची मोर्तब आहे, तेवढें अवश्य पाहावें.