मोटार घरीं नेण्याच्या दोन तऱ्हा

नवी मोटार विकत घेणें ही एक गोष्ट आणि ती आपल्या दारांत आणून उभी करणें ही दुसरी गोष्ट. आज या दोहोंमध्यें फारसें अंतर उरलेलें नाहीं. पैसे मोजावे, किल्ली घ्यावी आणि निघावें, इतकें तें सोपें झालें आहे. परंतु इंग्लंडच्या इतिहासांत दोन काळ असे येऊन गेले कीं, तेव्हां गाडी विकत घेण्यापेक्षां ती घरीं नेणें हेंच मोठें कार्य होऊन बसलें. आणि दोन्ही वेळीं आडवा आला तो डोंगर किंवा नदी नव्हे, तर कायदा. पहिल्या वेळीं खरेदीदारानें तो कायदा दिवसाढवळ्या मोडला. दुसऱ्या वेळीं त्यानें त्याच्या कडेकडेनें वाट काढली.

पहिली हकीकत सन १८९५ मधील आहे. त्या सालीं पॅरिसच्या पानार–लेव्हासॉर या कारखान्याच्या गाड्यांचा फ्रान्समध्यें मोठा बोलबाला होता. जून महिन्यांत एमील लेव्हासॉर यानें पॅरिसहून बोर्दोस जाऊन परत पॅरिसला येण्याचा ७३२ मैलांचा पल्ला ४८ तास ४८ मिनिटांत पुरा केला होता. एंजिन पुढें, त्यामागें दांत्यांच्या चाकांची पेटी, आणि तेथून मागील चाकांस गति, ही जी रचना पुढें जगभर रूढ झाली, ती याच कारखान्यानें प्रचारांत आणली. अशी एक गाडी ऑनरेबल एव्हलिन एलिस या इंग्रज गृहस्थानें विकत घेतली. हा हॉवर्ड डी वॉल्डन या उमराव घराण्यांतील सहाव्या बॅरनचा मुलगा. वय बावन्न वर्षांच्या आसपास. राहणें विंडसरजवळ थेम्स नदीकांठच्या डॅचेट गांवीं. पैशाची वाण नव्हती आणि नव्या यंत्रांची हौस दांडगी होती. गाडीला डेमलर पद्धतीचें दोन सिलिंडरांचें एंजिन होतें, त्याची शक्ति सुमारें चार घोड्यांची. सुकाणूसाठीं आजच्यासारखें चाक नव्हतें. नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा होता. ठिणगीसाठीं वीजहि नव्हती. दिव्यानें तापवून लाल केलेल्या नळीवर तेलाची वाफ पेटवावी लागे.

आतां इंग्लंडांतील कायदा काय होता तें पाहूं. सन १८६५ च्या कायद्याप्रमाणें घोड्यावांचून चालणाऱ्या प्रत्येक वाहनाबरोबर निदान तीन माणसें असलीं पाहिजेत. त्यांपैकीं एकानें तांबडें निशाण घेऊन साठ यार्ड पुढें पायीं चाललें पाहिजे. आणि वेग गांवाबाहेर ताशीं चार मैल व गांवांत दोन मैल याहून अधिक होतां कामा नये, असें ठरलें होतें. सन १८७८ मध्यें निशाणाची सक्ती गेली आणि साठ यार्डांचे वीस झाले. चालणारा माणूस व चार मैल मात्र तसेच राहिले. या कायद्यास आज हंसणें सोपें आहे. परंतु तो केला गेला तेव्हां डोळ्यांपुढें होतीं तीं रस्ता चेंगरून टाकणारीं, धूर ओकणारीं अवजड वाफेचीं एंजिनें. तीं पाहून घोडे उधळत आणि माणसें मरत. दोष कायदा करणारांचा नव्हता. वस्तु बदलल्यावर कायदा बदलण्याचा ज्यांना आळस होता त्यांचा होता.

एलिसची गाडी ल हाव्र बंदरांतून आगबोटीनें साउदॅम्प्टनला आली. तेथून ती आगगाडीनें हॅम्पशायरमधील मिचेल्डेव्हर नांवाच्या स्टेशनवर उतरविण्यांत आली. जुलै १८९५ च्या आरंभीं एके दिवशीं सकाळीं ९ वाजून २६ मिनिटांनीं एलिस तेथून निघाला. बरोबर फ्रेडरिक सिम्स हा होता. सिम्स हा हँबुर्ग शहरांत जन्मलेला इंग्रज. डेमलर एंजिनांचे इंग्लंडांतील हक्क त्यानेंच मिळविले होते. त्यानें या प्रवासाचें वर्णन पुढें एका इंग्रजी साप्ताहिकांत छापलें, म्हणूनच ही सगळी हकीकत मिनिटांसह आज उपलब्ध आहे.

घरापर्यंतचें अंतर ५६ मैलांचें होतें. कायदा पाळावयाचा तर गाडीपुढें एका माणसास ५६ मैल पायीं चालविलें पाहिजे होतें, आणि ताशीं चार मैलांनीं चौदा तास लागले असते. गांवांतले दोन मैल धरले तर त्याहूनहि अधिक. एलिसनें पुढें कोणासहि चालविलें नाहीं. जुन्या डाकेच्या बग्ग्यांचा लंडनकडे जाणारा पक्का रस्ता त्यानें धरला, आणि गाडी चढावर तीन मैलांनीं तर उतारावर वीस मैलांनींहि हांकली. वाटेंत व्हर्जिनिया वॉटर येथें जेवण झालें व एंजिनासहि थोडें तेल पाजण्यांत आलें. संध्याकाळीं ५ वाजून ४० मिनिटांनीं गाडी डॅचेट येथील बंगल्याच्या दारांत उभी राहिली. थांबण्याचा वेळ वजा जातां प्रवासास ५ तास ३२ मिनिटें लागलीं. सिम्सनें सरासरी वेग ताशीं ९·८४ मैल दिला आहे. ५६ ला भागून पाहिलें असतां तो दहाहून किंचित् अधिक येतो. आनंदाच्या भरांत भागाकार थोडा चुकला असावा, इतकेंच.

या प्रवासांत सर्वांत मोठी धास्ती होती ती घोड्यांची. घोडा बुजला, टांगा उलटला, कोणी जखमी झालें, कीं मग कायद्याच्या बाजूनें सारा देश उभा राहिला असता. म्हणून सिम्स वाटेंत भेटलेले घोडे मोजीत होता. १३३ घोडे भेटले. त्यांपैकीं दोन लहान तट्टांखेरीज कोणीहि कुरकुर केली नाहीं. गाडीच्या गुणांपेक्षां हा आंकडाच त्या दिवशींचा खरा पुरावा होता. गांवेंच्या गांवें रस्त्यावर लोटलीं. उतारूंना ही घोड्यावांचूनची गाडी पाहतां यावी म्हणून प्रवासी बग्ग्यांनीं आपलें निघणें लांबविलें. सायकलवाले चढावर मागें पडून हेवा करीत राहिले. पोलीस मात्र कोणी आडवा आला नाहीं.

आणि येथेंच एलिसची निराशा झाली, असें म्हटलें तरी चालेल. आपणांवर खटला व्हावा, तो गाजावा आणि त्यांतून कायद्याचा निकाल लागावा, हा त्याचा उघड हेतु होता. लपूनछपून कायदा मोडणारे पुष्कळ असतात. पकडला जाण्यासाठीं सकाळच्या उजेडांत, बड्या रस्त्यानें, घोडे मोजीत जाणारा विरळा. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत टनब्रिज वेल्स येथें सर डेव्हिड सालोमन्स यांनीं मोटारगाड्यांचें प्रदर्शन भरविलें, तेथेंहि एलिसची गाडी होती. खटल्याचा मान मिळाला तो दुसऱ्यास. जानेवारी १८९६ मध्यें केंट परगण्यांतील वॉल्टर अर्नोल्ड या मोटारवाल्याचा सायकलवरील एका शिपायानें पाठलाग केला, आणि दोन मैलांच्या जागीं आठ मैलांनीं गाडी हांकल्याबद्दल त्यास दंड झाला. त्याच वर्षीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. हलक्या गाड्यांपुढें चालणारा माणूस गेला, आणि वेगाची मर्यादा ताशीं चौदा मैल झाली. ती प्रत्यक्षांत बारांवर आणण्यांत आली. तो कायदा १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं अमलांत आला, आणि त्या दिवशीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली. एलिसची गाडी पुढें लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें ठेवण्यांत आली.

रस्ता याप्रमाणें मोकळा झाला. परंतु कायदा रस्त्यावरून उठला म्हणजे नाहींसा झाला असें नव्हे. तो कधीं कधीं दुकानांत जाऊन बसतो. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४० च्या ऑक्टोबरांत, ब्रिटिश सरकारनें खरेदीकर बसविला. चैनीच्या वस्तूंवरील खर्च आवरावा आणि माल युद्धाच्या कामीं लागावा हा उद्देश होता. युद्ध संपलें, कर राहिला. सन १९५७ मध्यें मोटारींवर हा कर घाऊक किंमतीच्या शेंकडा साठ इतका होता. नोकरीस नुकत्याच लागलेल्या तरुणानें शर्यतीच्या घाटाची, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार घ्यावयाची म्हणजे तें स्वप्नच होतें.

हा कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. या एका फटींतून कॉलिन चॅपमन नांवाच्या एका तरुण एंजिनियरानें आपला धंदा बाहेर काढला. चॅपमनचा जन्म १९२८ चा. लंडनच्या उत्तरेस हॉर्न्सी येथें त्याच्या वडिलांचें हॉटेल होतें. त्यामागील जुन्या तबेल्यांत त्यानें सन १९५२ मध्यें लोटस हा कारखाना काढला. ज्या जागीं पूर्वीं घोडे बांधीत तेथें मोटारी जन्मास येऊं लागल्या, हा योग एलिस व सिम्स यांस खचित आवडला असता. सन १९५७ मध्यें त्यानें ‘सेव्हन’ ही गाडी काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अल्युमिनियमचा पातळ पत्रा, फोर्डचें ११७२ घन सेंटिमीटरचें चाळीस अश्वशक्तीचें एंजिन, आणि सगळ्या गाडीचें वजन जेमतेम अर्धा टन. दारें नाहींत, कांचा चढवावयाच्या नाहींत. जें नसलें तरी गाडी चालते तें सर्व काढून टाकलेलें.

ही गाडी तयार घेतली तर करासह १०३६ पौंड पडत. तीच सुट्या भागांनीं घेतली तर ५२६. तफावतींतील सुमारें साडेतीनशें पौंड हा निव्वळ सरकारी कर होता. बाकीची मजुरी, ती खरेदीदारानें स्वतःच्या हातांनीं भरावयाची. गाडीचे सुटे भाग दूरदेशीं नेऊन तेथें जोडणें ही कल्पना नवी नव्हती. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून हेंच करीत होता. नवें होतें तें हें कीं, आतां कारखान्याच्या जागीं घरामागचें छपर आलें, आणि कारागिराच्या जागीं स्वतः मालक.

म्हणून या गाडीचें घरीं जाणें एलिसच्या गाडीच्या अगदीं उलट होतें. एलिस गाडींत बसून घरीं गेला. येथें गाडीच दुसऱ्या गाडींत बसून घरीं जाई. कोणी मित्राची व्हॅन आणी, कोणी ट्रेलर जोडी. सांगाडा, एंजिन, आंस, चाकें आणि बारीकसारीक वस्तूंच्या पेट्या घरीं उतरवून घ्यावयाच्या, त्या यादीशीं ताडून पाहावयाच्या, आणि मग रात्रीं व रविवारीं एकेक भाग बसवावयाचा. एखादी लहानशी चकती कमी निघाली तर तेवढ्यासाठीं पुनः कारखान्याची वाट धरणें आलें. शंभर मैलांवर राहणाराची त्यांत काय गत होत असेल तें सांगणें नलगे.

जोडणीचें पुस्तक द्यावें तर ती जवळजवळ तयार गाडीच ठरावी, अशी सरकारी दृष्टि. तेव्हां चॅपमननें गाडी कशी खोलावी याचें टिपण दिलें, आणि खरेदीदारानें तें शेवटापासून आरंभाकडे वाचावें, अशी कथा मोटारींच्या इतिहासांत वारंवार सांगितली जाते. शब्द पाळून हेतु चुकविण्याच्या या चतुराईविषयीं दोन मतें होऊं शकतात. कर चुकला तो सर्वांच्या तिजोरींतला, हें खरेंच. परंतु तो चुकविणारानें त्या पैशाच्या मोबदल्यांत कित्येक आठवड्यांचे श्रम मोजले होते, आणि श्रमांती त्याच्या हातीं जें ज्ञान आलें तें तयार गाडी घेणारास कधींच लाभलें नाहीं. वाटेंत गाडी अडली तर कोणता स्क्रू कोठें आहे हें त्यास डोळे मिटून सांगतां येई.

अशा गाडीचा खरा प्रवास आरंभ होई तो घरापासून दूर जाण्याचा. नवें एंजिन पहिले कांहीं शें मैल दमानें हांकावें लागे. अंगचा जोर असूनहि ही धांवरी गाडी बैलगाडीच्या संयमानें चालवावयाची. मधूनमधून थांबून सैल झालेले बोल्ट आंवळावयाचे, तेल गळतें कीं काय हें वांकून पाहावयाचें. आसन रस्त्यापासून इतकें खालीं कीं बाजूच्या मालमोटारीचें चाक डोळ्यांच्या रेषेंत येई. पाऊस आला तर कापडी छत होतें. पण तें चढवीपर्यंत पाऊस थांबून गेलेला असे.

सन १९७३ च्या १ एप्रिलपासून खरेदीकर गेला, त्याच्या जागीं मूल्यवर्धित कर आला, आणि ती फट बुजली. त्याच वर्षीं सेव्हन करण्याचे हक्क लोटसनें सरे परगण्यांतील केटरहॅम येथील ग्रॅहॅम निअर्न यांस दिले. कराचा फायदा उरला नव्हता. तेव्हां सुट्या भागांची विक्री आपोआप बंद पडेल असें कोणासहि वाटलें असतें. ती पडली नाहीं. केटरहॅमची गाडी आजहि सुट्या भागांत मिळते आणि लोक ती घरीं नेऊन जोडतात. पूर्वीं जें कर टाळण्यासाठीं केलें, तें आतां केवळ आवडीसाठीं केलें जातें.

मात्र कायद्यानें आपली जागा सोडलेली नाहीं. घरीं जोडलेल्या गाडीची सरकारी तपासणी इंग्लंडांत सन १९९८ पासून सुरू झाली, आणि सन २००९ मध्यें तिला अधिक कडक रूप आलें. दिवे, ब्रेक, धूर, आवाज, कडांचा धारदारपणा, सर्व कांहीं पाहिलें जातें. तें उतरल्यावांचून गाडीस नंबर नाहीं, आणि नंबरावांचून रस्ता नाहीं. तरी तपासणीची वेळ आधीं ठरविलेली असेल आणि विमा उतरविलेला असेल, तर बिननंबरी गाडी स्वतः हांकीत तपासणीच्या जागेपर्यंत नेण्याची मुभा आहे. पुष्कळ मालकांचा आपल्या गाडीबरोबरचा पहिला प्रवास तोच असतो; आणि ज्यांचा धीर होत नाहीं ते गाडी पुनः ट्रेलरवर चढवितात.