टॉन्सिल्स काढले, मग मूल बरं झालं का?

माझ्या संशोधन आढाव्याच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर झोपेतला श्वासाचा त्रास २७ टक्के मुलांमध्ये पूर्ण जातो असं एक संशोधन सांगतं, दुसरं ७९ टक्के सांगतं, त्यामुळे अभ्यासकांत मतभेद आहेत. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, "बरी म्हणजे काय?" या तीन शब्दांनी माझे दोन महिने खाल्ले. पण त्यातूनच हा इतिहास हाती लागला. तुम्हीही लवकरच आढावा लिहायला बसाल, म्हणून तो इथे मांडतोय.

आधी विषय थोडक्यात. लहान मुलांच्या घशात दोन बाजूंना टॉन्सिल्स असतात आणि नाकाच्या मागे अडेनॉइड. हे वाढले की वाट अरुंद होते. जागेपणी स्नायू ती वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, मग मूल घोरतं, मध्येच श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, झोप मोडते. असे प्रसंग तासाला किती घडले याच्या आकड्याला एएचआय म्हणतात. आपली पुढची सगळी गोष्ट या एका आकड्याभोवती फिरते.

बघितलं होतं, मोजलं नव्हतं

कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये अडेनॉइडच्या वाढीचं वर्णन केलं. १८८९ मध्ये विल्यम हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या 'मंदपणा'चा संबंध अशा कोंडलेल्या श्वासाशी जोडला. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या पाठ्यपुस्तकात तर तोंडानं श्वास घेणारं, झोपेत मोठ्यानं घुरघुरणारं आणि मध्येच श्वास थांबणारं मूल जसंच्या तसं भेटतं. म्हणजे आजार डोळ्यांसमोर होता. नव्हतं ते रात्रभर मोजण्याचं साधन.

पुढच्या काळात टॉन्सिल्स काढण्याची लाटच आली, पण कारण वेगळं होतं. टॉन्सिल म्हणजे जंतूंचं घर, ते काढलं की मूल निरोगी, अशी समजूत रूढ झाली होती. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेली मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४५ टक्के मुलांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको म्हटलं होतं ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, तर त्यातल्या ४६ टक्क्यांना ऑपरेशन निघालं. तिसऱ्या फेरीतही तेच, ४४ टक्के! १९३८ मध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की ऑपरेशनचं प्रमाण भागाभागानुसार कितीतरी बदलतं, आणि आजारात तेवढा फरक सापडत नाही. ऑपरेशन कुणाला करायचं याचाच निकष पक्का नव्हता, तिथे नंतर काय झालं हे कोण तपासणार?

कारण बदललं

१९६५ मध्ये काही मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. वाढलेल्या टॉन्सिल्समुळे त्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला होता आणि ऑपरेशननंतर तो ओसरला. मग १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिल्मिनो आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांची झोप रात्रभर यंत्रांवर नोंदवून श्वास अडण्याचा आजार दाखवला. फक्त आठ मुलं! पण आता आजाराला आकडा मिळाला. हळूहळू टॉन्सिल काढण्याचं कारण घशाच्या संसर्गाकडून झोपेतल्या श्वासाकडे सरकलं.

तरी एक गोष्ट राहिलीच. ऑपरेशन झालं, घोरणं कमी झालं, आई-वडील समाधानी, फाईल बंद. झोपेची तपासणी महाग आणि वेळखाऊ, शिवाय मूल बरं दिसत असताना पुन्हा कशाला करायची? उरलेला आजार दिसला नाही, कारण बहुतेक वेळा कुणी तो शोधलाच नाही.

२७ आणि ७९

२०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या झोप केंद्रांनी ५७८ मुलांच्या ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या तपासण्या एकत्र केल्या. सरासरी एएचआय १८.२ वरून ४.१ वर आला होता. सुधारणा मोठीच होती. पण एएचआय १ च्या खाली फक्त २७.२ टक्के मुलांचा गेला. वयानं मोठी, लठ्ठ आणि दमा असलेली मुलं मागे राहण्याची शक्यता जास्त होती.

२०१३ मध्ये मार्कस आणि सहकाऱ्यांनी ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचे यादृच्छिक पद्धतीनं दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबून पाहणं. सात महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात ७९ टक्के मुलांची तपासणी सामान्य आली. इथे मात्र एएचआय २ च्या खाली असला तरी चालत होता, आणि अतितीव्र आजाराची मुलं आधीच वगळली होती. २०१० ची मुलं जास्त आजारी होती, आणि तिथला निकषही कडक होता. म्हणजे माझे 'मतभेद' मुळात मतभेद नव्हतेच. पट्टी वेगळी होती आणि मुलंही वेगळी.

याच प्रयोगातला दुसरा आकडा मी आधी वाचलाच नव्हता: थांबून पाहिलेल्या गटातलीही ४६ टक्के मुलं सामान्य झाली. तुलनेचा गट नसता तर ते श्रेय कुठल्याही उपचाराला मिळालं असतं.

उरलेल्यांचं काय?

कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रौढांसाठी मांडलेलं सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणं, पुढे मुलांसाठीही आलं. ते उपयोगी आहे, पण सहा वर्षांचं मूल रोज रात्री मास्क ठेवेल तेव्हा. २००६ मध्ये ऑपरेशननंतर सौम्य त्रास उरलेल्या २२ मुलांना १२ आठवडे नाकातला स्टेरॉइड फवारा आणि मॉन्टेलुकास्ट दिलं, आणि एएचआय ३.९ वरून ०.३ वर आला. आकडा सुरेख आहे, पण उपचार कुणाला मिळतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मुलं मोजकी होती. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मॉन्टेलुकास्टवर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला. वजन कमी करणं, टाळू रुंदावणारी दातांची उपकरणं, जीभ आणि ओठांचे व्यायाम, औषधानं झोपवून दुर्बिणीनं अडथळ्याची जागा शोधणं, असे इतर मार्गही आहेत. २०२४ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं खास याच उरलेल्या आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारशी सशर्तच आहेत, कारण भक्कम पुरावा अजून थोडा आहे. तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल, तर जागा इथे रिकामी आहे.

माझ्या मसुद्यातलं ते वाक्य आता एक परिच्छेद झालंय. त्यात प्रत्येक टक्केवारीसोबत तीन गोष्टी लिहिल्यात: निकष कोणता, मुलं कोणती, तुलना कशाशी. ही सवय तुम्हीही पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कारण 'ऑपरेशन झालं, आता काळजी नाही' असं ऐकून घरी गेलेल्या एखाद्या मुलाचा श्वास रात्री दोन वाजता अजूनही अडत असतो, आणि सकाळी वर्गात ते पेंगतं तेव्हा कुणीतरी त्याला आळशी म्हणतं. १८८९ मध्ये त्याला मंद म्हणत होते.