मेल गेला, पत्ता राहिला का? एका छोट्या मॅक्रोचा इतिहास

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरनं विचारलं, "ताई, आपण ज्यांना मेल पाठवतो त्यांचे पत्ते आपोआप सेव्ह होतातच ना?" मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत हेच समजत होते. माझं काम भूजलाच्या रसायनशास्त्रावर आहे आणि घर वेवजीला, तलासरी तालुक्याच्या अगदी काठावर. शेजारचं सोळसुंबा गुजरातमध्ये, आमचं रेल्वे स्टेशन उंबरगाव तेही गुजरातमध्ये. त्यामुळे पाण्याच्या नमुन्यांसाठी मला दोन्ही राज्यांतल्या कचेऱ्यांना, प्रयोगशाळांना मेल करावे लागतात. दुसऱ्या वर्षी लॅपटॉप बसला. मेल सर्व्हरवर होते, ते परत आले. पण 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टाकली की खाली जी नावं सुचायची, ती गेली. मी त्यालाच अ‍ॅड्रेस बुक समजत होते! कुणाला काय विचारलं होतं, हे जुने मेल एकेक उघडून शोधण्यात तीन आठवडे गेले, आणि तोवर पाऊस सुरू झाल्यामुळे त्या हंगामाचे नमुने हुकले.

सुचणारी नावं आणि कॉन्टॅक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत सुचणारी नावं 'एनके२' नावाच्या एका फाइलमध्ये राहायची. ती फाइल त्याच संगणकावर असायची, त्यामुळे फॉरमॅट मारला की नावंही गेली. आउटलुक २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'सजेस्टेड कॉन्टॅक्ट्स' असा वेगळा फोल्डर दिला. ज्याला मेल पाठवला आणि जो यादीत नाही, त्याचं कार्ड त्यात आपोआप तयार व्हायचं. २०१३ च्या आवृत्तीत ही सोय काढून टाकली. मग लोक पुन्हा जुन्याच उपायाकडे वळले, म्हणजे मॅक्रोकडे.

मॅक्रो म्हणजे प्रोग्रामच्या आतच लिहिलेल्या चार ओळींच्या सूचना. आउटलुक २००० मध्ये व्हीबीए आलं आणि 'आयटमसेंड' नावाची घटना हाताशी आली. तुम्ही 'सेंड' दाबता आणि मेल बाहेर पडतो, या दोन्हींच्या मधल्या क्षणी ती चालते. तिथे लिहायचं एवढंच: या मेलच्या 'रेसिपियंट्स'मधला एकेक पत्ता घे, कॉन्टॅक्ट्समध्ये शोध, नसेल तर नवं कार्ड कर. वीस-पंचवीस ओळींत काम होतं.

पण इतिहास इथेच वाकडा होतो. पत्त्यांची यादी मॅक्रोला उघडी असण्याचा पहिला मोठा फायदा घेतला तो व्हायरसनं. २६ मार्च १९९९, शुक्रवार. 'मेलिसा' हा वर्ड फाइलमध्ये लपलेला मॅक्रो. फाइल उघडली की तो आउटलुकला हाक मारायचा, पत्त्यांच्या प्रत्येक यादीतले पहिले ५० पत्ते घ्यायचा आणि त्यांना तीच फाइल पाठवायचा. मेल ओळखीच्या माणसाच्या नावानं आलेला, म्हणून पुढचा माणूसही उघडायचा. मेल सर्व्हर तुंबले. तो पसरवणारा डेव्हिड स्मिथ आठवड्याभरात न्यू जर्सीत पकडला गेला आणि २००२ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. मग ४ मे २००० ला 'आयलव्हयू' आला. हा वर्डचा मॅक्रो नव्हता, वेगळी स्क्रिप्ट होती, पण युक्ती तीच. आणि त्याला ५० ची मर्यादाही नव्हती, सगळी यादीच.

तो फिलिपीन्समधून निघाला होता, आणि असल्या गुन्ह्याला लागू होईल असा कायदाच तेव्हा तिथे नव्हता. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदाही २००० चाच. तो १७ ऑक्टोबरला लागू झाला आणि संगणकात व्हायरस सोडण्याबद्दल त्याच्या कलम ४३ मध्ये तरतूद आहे.

मायक्रोसॉफ्टनं जून २००० मध्ये आउटलुकला कुलूप लावलं. कुठलाही प्रोग्राम पत्ते वाचायला गेला की खिडकी उघडायची: परवानगी द्यायची का, आणि किती मिनिटं? जास्तीत जास्त दहा. पत्ते सेव्ह करणाऱ्या साध्या मॅक्रोलाही हीच विचारणा, दर मेलला. (वैतागून 'यस' दाबत बसणाऱ्यांसाठी सुरक्षितता ती काय उरली?) २००३ मध्ये आउटलुकच्या स्वतःच्या व्हीबीएवर विश्वास ठेवायचं ठरलं, तेव्हा हा जाच संपला.

माझ्या मते यातला खरा प्रश्न 'आपोआप' या शब्दात आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुगलनं 'बझ' काढलं. तुम्ही ज्यांना सर्वाधिक मेल करता ते आपोआप तुमच्या यादीत आले, आणि ती यादी इतरांनाही दिसू लागली. कोण कोणाशी बोलतं हे उघड झालं. ओरड झाली, काही दिवसांत बदल करावे लागले आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोडही करावी लागली. यात व्हायरस नव्हता, कुणी चोरही नव्हता. म्हणून क्षेत्रकाम करणाऱ्यांनी हे प्रकरण मेलिसाइतकंच नीट वाचावं. माझ्या यादीत विहिरीच्या पाण्याची तक्रार करणारे गावकरी आहेत आणि त्या तक्रारीवर उत्तर देणारे अधिकारीही आहेत. ती सगळी नावं एकाच फोल्डरमध्ये, फोनशी जोडलेली, नकोच.

आता माझा मॅक्रो. करताना तीन ठिकाणी अडले, ते सांगते. संस्थेच्या सर्व्हरवर एक्सचेंज असेल तर आतल्या माणसाचा पत्ता नेहमीसारखा न येता तिरप्या रेघांची लांबलचक ओळ येते. त्यातून खरा पत्ता वेगळा काढावा लागतो, नाहीतर तोच माणूस दोनदा सेव्ह होतो. दुसरं, आउटलुक पूर्ण नावाचे तुकडे स्वतः पाडतं. सरकारी पद्धतीनं आडनाव आधी लिहिलेलं असेल तर आडनावच 'पहिलं नाव' होऊन बसतं. तिसरं खास आपलं: व्हीबीएच्या संपादकात देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हं दिसतात. पण घाबरू नका, मेलमधून आलेलं मराठी नाव कार्डावर नीटच जातं. फक्त कोडमध्ये मराठी शब्द लिहायचा तर अक्षरांचे क्रमांक द्यावे लागतात.

मी एक बदल केला आहे. मॅक्रो थेट कॉन्टॅक्ट्समध्ये लिहीत नाही, 'तपासायचे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, सोबत तारीख आणि मेलचा विषय. शनिवारी मी बसून ठरवते कोण राहणार. गावकऱ्यांची कार्डं तिथूनच काढून टाकते, त्यांचे नंबर माझ्या क्षेत्रकामाच्या वहीत आहेत.

एक इशारा: विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए चालत नाही. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रोही ऑफिस आपणहून अडवतं. म्हणून कुणाची तयार फाइल मागू नका, ओळी स्वतः टाइप करा. माझ्या लॅपटॉपवर अजून जुनंच आउटलुक आहे, ते असेपर्यंत हा मॅक्रो चालेल.