पाटीवरचे यंत्र

यंत्रविद्येच्या कॉलेजशिक्षणाचा इतिहास हा विषय ऐकून पुढच्या रांगेतील काही मंडळींनी शेवटच्या रांगेतील खुर्च्या धरल्या आहेत, हे मला येथून दिसते आहे. त्यांनी भिऊ नये. मला एका लहानशा कोड्याची हकीकत सांगावयाची आहे, आणि ते कोडे आपल्या पुण्याचेच आहे.

1854 सालच्या जुलै महिन्यात सरकारने पुण्यास एक शाळा काढली. तिच्या इंग्रजी नावाचे मराठी करावयाचे तर 'पुणे इंजिनिअरिंग वर्ग व यंत्रशाळा' असे होईल. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून पाटीवर होते. पुढे ही शाळा वाढली, तिचे कॉलेज झाले, नावे बदलली; 1911 पासून ती कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग म्हणून ओळखली जाऊ लागली आणि 2022 मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठही झाले. परंतु यंत्रविद्येची पदवी येथे सुरू झाली ती 1912 मध्ये. मधली 58 वर्षे हे पाटीवरचे यंत्र गेले होते कोठे?

ते देशात नव्हते म्हणावे तर तसेही नाही. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सुती गिरणी काढण्याचा घाट घातला. बॉयलर, इंजिने, दंतचक्रे, पट्टे हा सगळा संसार एकदमच आपल्या दारी येऊन उतरला होता. परंतु इंजिन विलायतेहून पेटीत बंद होऊन येई आणि ते सांभाळणारा साहेबही बहुधा बोटीनेच येई. रस्ता काही पेटीत घालून आणता येत नाही. तो इथल्या मुरमावर, इथल्या माणसांकडून करून घ्यावा लागतो. सरकारला रस्ते, पूल, कालवे, कचेऱ्या बांधावयाच्या होत्या, आणि त्यावर देखरेख करणारी हाताखालची माणसे हवी होती. तेव्हा शाळेने तीच माणसे तयार केली. 1866 मध्ये संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली, आणि विद्यार्थी ज्या परीक्षेला बसू लागले तिचे नाव एल. सी. ई. यातला मधला 'सी' म्हणजे सिव्हिल. यंत्राला त्या तीन अक्षरांत जागा नव्हती.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 साली याच परीक्षेत पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. हुशार विद्यार्थ्याची वाट कोणीकडे जात होती, हे यावरून कळेल. गंमत अशी की, खडकवासल्याच्या धरणावर 1903 मध्ये त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे अस्सल यांत्रिक काम होते. पाणी एका पातळीपर्यंत चढले की दरवाजा आपोआप उघडावा, ही करामत सिव्हिलच्या माणसाने केली. यंत्राची बुद्धी आपल्याकडे नव्हती, असे कोणी म्हणू नये.

आता सारा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे आहे. पण अर्धा दोष आपल्या घरचा आहे, आणि तो कबूल केला पाहिजे. पुण्यात तांबट आळी होती, ठोक्याठोक्याने पातेल्याचा घाट जमविणारे हात होते. गावोगाव लोहार होते, सुतार होते. त्यांची मुले या कॉलेजात येणे जवळजवळ अशक्य होते, कारण दारावर इंग्रजी उभी होती. उलट ज्यांना इंग्रजी येत होती त्यांच्या घरात लोखंडाला हात लावणे कमीपणाचे वाटे. ज्याला वाचता येई तो ऐरणीपाशी जाईना, आणि ऐरणीपाशी असे त्याला वर्गात जाता येईना. यंत्रविद्येला तर दोघेही एकाच माणसात हवे असतात.

हे ज्यांनी ओळखले त्यांची वाट आडवळणाची होती. सयाजीरावांच्या बडोद्यात त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 साली कलाभवन उभे केले आणि धंदेशिक्षण गुजरातीतून, म्हणजे मुलांच्याच भाषेतून देण्यास आरंभ केला. (आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.) मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तेथे यांत्रिक आरेखन शिकविणारे एक शिक्षक होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंगांधळेपणामुळे रंग सुटले, रेषा हाती राहिली. बढतीच्या वेळी त्यांना डावलून जागा दुसऱ्यास दिली गेली, तेव्हा ते राजीनामा देऊन बेळगावास सायकलींच्या दुकानात आले. पुढचा लोखंडी नांगर आपणांस ठाऊक आहे. त्या माणसाजवळ पदवी नव्हती.

आणि ज्याला पदवीच्याच वाटेने जावयाचे होते त्याने काय करावे? समुद्र ओलांडावा. 1882 साली पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. तेथे शिकावयास गेलेले ते पहिले भारतीय. 'मराठा' पत्राने त्याच दशकात या संस्थेची माहिती वाचकांना करून दिली. पुण्यातून बोस्टन दिसत होते. पुण्यात मात्र तसे काही उभे राहत नव्हते.

1912 मध्ये पदवी आली, आणि लगेच दुसरा वाद उभा राहिला. 1916 ते 1918 या काळात सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग बसला. त्याचे म्हणणे असे की, यांत्रिक इंजिनिअर कारखान्यातच घडतो. त्याने आधी तेथे हात काळे करावे, वर्गातील शिकवण त्याच्या जोडीला असावी. यात तथ्य होते. पण पंडित मदनमोहन मालवीय यांनी आयोगाला आपले वेगळे मतपत्र जोडले आणि उच्च तंत्रशिक्षणाची मागणी लावून धरली. ज्या देशात कारखाने परक्यांचे, तेथे शिक्षण केवळ कारखान्यावर सोपविले तर मुलगा फिटर होईल. आराखडा काढणारा कोण होणार? मला मालवीयांची बाजू पटते, आणि हॉलंडसाहेबांचे म्हणणेही खोडता येत नाही. 1919 मध्ये काशी हिंदू विद्यापीठात इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, तेव्हा चार्ल्स किंग या पहिल्या प्राचार्यांच्या हाताखाली यंत्र व वीज हे विषय आणि कर्मशाळा एकाच आवारात आल्या. 1922 मध्ये लक्ष्मणरावांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांना भटांच्या त्याच संस्थेत धाडले. चार वर्षांनी ते यांत्रिकीची पदवी घेऊन परतले आणि बापाच्या कारखान्यात उतरले. बापाचा हात आणि मुलाचे पुस्तक अशी जोड एका घरात जमली. सगळ्यांच्या घरी कारखाना कोठून असणार?

भाषेच्या दारापाशी तर आपण परवापरवापर्यंत थांबलो होतो. 2021 साली इंजिनिअरिंग मातृभाषेतून शिकविण्यास काही महाविद्यालयांना मान्यता मिळाली, त्यांत पिंपरी-चिंचवडचे एक होते. कलाभवनानंतर 131 वर्षांनी. आणि तेथे मराठीतून शिकवावयास घेतला तो विषय यंत्राचा नव्हे, संगणकाचा.

आता एक स्वतःची आठवण सांगतो आणि खाली बसतो. 1971 साली मी पहिल्या वर्षाला होतो. कॉलेज कोणते ते सांगत नाही. कर्मशाळेत पहिले काम असे की, पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरावयाचा आणि कानशीने घासून त्याच्या कडा काटकोनात आणावयाच्या. तीन आठवडे मी घासत होतो. तळहाताला फोड आले, ते फुटले. शिकविणारे मिस्त्री साठीला आलेले, पिढीजात लोहार. वेळापत्रकावर प्राध्यापकांची नावे असत, यांच्या तासापुढे नुसते 'कर्मशाळा' असे लिहिलेले असे. मी तुकडा नेऊन दिला. त्यांनी त्यावर गुण्या लावला, खिडकीकडे वळून डोळ्यासमोर धरला. धातू आणि गुण्या यांच्यामधून केसाएवढी उजेडाची रेघ येत होती.

"उजेड दिसतोय, साहेब," ते मला म्हणाले. मी अठरा वर्षांचा होतो. "परत घासा."