चलचित्र-साधनांचे जतन आणि फाईल स्वरूपाची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कागदपत्रांप्रमाणेच चलचित्रालाही साधन म्हणून महत्त्व प्राप्त झाले आहे. हे साधन टिकणे मात्र त्याच्या माध्यमावर व स्वरूपावर अवलंबून असते.

विषय विवेचन :
दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. तरीही जानेवारी २००३ मधील आगीत तेथील ज्वलनशील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला.

डिजिटल फाईल जळत नाही. परंतु चुकीच्या स्वरूपामुळे तिच्यातील तपशील नकळत नाहीसा होतो. म्हणून उपयोगानुसार स्वरूप निवडावे लागते. कायमस्वरूपी जतनासाठी तपशील न गमावणारे 'एफएफव्ही१' संकेतन 'मात्रोस्का' फाईलमध्ये ठेवतात. संपादनासाठी 'प्रोरेस'सारखे कमी संकोचन असलेले स्वरूप सोयीचे ठरते. प्रसारासाठी 'एच.२६४' संकेतनाची लहान 'एमपी४' फाईल योग्य होय. मात्र तिच्यातून वगळलेला तपशील पुन्हा मिळत नाही.

निष्कर्ष :
कळमनुरी परिसर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. हैदराबाद मुक्तिसंग्राम कळत्या वयात पाहिलेल्या व्यक्तींनी आज नव्वदी ओलांडली आहे. त्यांच्या मुलाखती मोबाईलवर घेतल्या तरी चालतील. परंतु मोबाईलमधील मूळ फाईल रूपांतर न करता दोन ठिकाणी जपावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविलेली संकुचित प्रत पाहण्यापुरती असते, ती मूळ साधनाची जागा घेऊ शकत नाही. साक्षीदार गेल्यावर पुन्हा चित्रीकरण करता येणार नाही, हे संशोधकाने ध्यानात घ्यावे.